खुनाची पुस्तकं वाचणारी आक्का

आमच्या आक्काला गुप्तहेर या प्राण्याचा मनापासून तिटकारा होता, आणि पेठेतल्या सार्वजनिक ग्रंथालयातली एकही रहस्यकथा तिनं वाचायची ठेवली नव्हती. या दोन गोष्टी एकाच बाईत कशा नांदत होत्या, हे मला विचारू नका. काही लोक पुजाऱ्याला शिव्या घालतात, पण देवळात जायचं चुकवत नाहीत; त्यातलाच हा प्रकार. पुस्तक उघडलं की पहिल्या दहा पानांत कुणीतरी मरायचं. मग दारात मोटार थांबायची, तिच्यातून लांब कोटवाला गुप्तहेर उतरायचा आणि आक्का पानावरची मान न उचलता म्हणायची, "आला बगा मुडदाफरास. मुडदा पडल्याबिगर ह्येला जाग येत न्हाय."

आक्का म्हणजे कुणाची सख्खी बहीण नव्हे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तिची खाणावळ होती आणि तिथं जेवणारा प्रत्येक जण तिला आक्का म्हणायचा. माहेर वळसंगचं. नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर तिच्या मागं राहिलं ते दोन खोल्यांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर आणि एक चूल. मूलबाळ नव्हतं. मग मंद्रूप, अक्कलकोट, असल्या गावांहून कॉलेजला आलेली आम्ही दहा-बारा पोरं दोन्ही वेळा तिच्याकडे जेवायला लागलो. दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवरच्या मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरीची चव अजून जिभेवरून गेली नव्हती. त्यामुळे आक्काची पांढरीशुभ्र ज्वारीची भाकरी ताटात पडली की आम्ही वर मान काढत नसू.

तिची शाळा चौथीत सुटलेली. वाचताना ओठ हलायचे, ओळीखालून बोट फिरायचं, पण वाचन थांबायचं म्हणून नाही. डावीकडे चूल, पुढ्यात काठवट आणि उजवीकडे पालथ्या पातेल्याला टेकवून ठेवलेलं पुस्तक. दोन्ही हात पिठात असले तर पान मनगटानं उलटायचं. खूण म्हणून खराट्याची काडी. एखादी भाकरी करपून ताटात आली की आम्ही ओळखायचो, आत्ता दुसरा खून पडलाय. तक्रार केलीच तर उत्तर तयार असायचं, "माज्याकडं काय बगतोस? त्या गुप्तहेराला इचार. पयल्या खुनाच्या येळंलाच नीट बगितलं आसतं तर तुजी भाकरी करपली नसती."

ग्रंथालयात नाव घालायला ती स्वतः गेली होती. तिथले ग्रंथपाल सभ्य गृहस्थ होते, म्हणजे दुसऱ्यानं काय वाचावं हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. त्यांनी तिच्या हातात व्रतवैकल्यांचं एक जाडजूड पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "बायकांसाठी हे फार छान आहे. मनाला शांती मिळते." आक्कानं ते परत टेबलावर ठेवलं. "देवाचं मला ठाऊक हाय. खुनाचं द्या," ती म्हणाली. हा प्रसंग ग्रंथपाल पुढे कित्येक दिवस सगळ्यांना असा सांगत होते, जणू आक्कानं खून करायचीच परवानगी मागितली होती.

त्यानंतर पुस्तकं बदलून आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा कॉलेजचा रस्ता तिकडून होता. मी त्या वेळी बी. ए. च्या पहिल्या वर्षात होतो. रहस्यकथा ग्रंथपालांनी मुद्दाम सगळ्यात खालच्या फळीवर लावल्या होत्या. ज्याला हव्या असतील त्यानं सगळ्यांदेखत उकिडवं बसायचं, म्हणजे लाज वाटून सवय तुटेल, असा त्यांचा हिशेब. सवय कुणाची तुटली नाही. आमचे एक प्राध्यापक वर्गात अभिरुचीवर तास तास बोलायचे आणि संध्याकाळी त्या फळीपुढे बुटाची नाडी बांधायला वाकायचे. नाडी बांधून उठले की त्यांची पिशवी जड झालेली असायची. आक्काची ही भानगड नव्हती. तिच्यासाठी मी मांडी ठोकून बसायचो आणि चांगली दोन-दोन पुस्तकं निवडायचो.

परत केलेल्या पुस्तकावरून मात्र दर खेपेला तंटा व्हायचा. ग्रंथपाल चष्मा नाकावर सरकवून पानं चाळायचे आणि म्हणायचे, "ही पाहा, पुन्हा शेंगाची चटणी! अहो, हे ग्रंथ आहेत." मी हा निरोप आक्काला पोचवला. ती म्हणाली, "त्येंनला सांग, पुस्तक आळणी हुतं म्हनून लावली." आक्काच्या हातचं पुस्तक पुढच्या वाचकाला वासावरून कळायचं. मधल्या पानांत कुठंतरी ज्वारीचं पीठ निघायचं, आणि जिथं तिला गुप्तहेराचा विशेष राग आला असेल तिथं अंगठ्याचा तेलकट ठसा.

तिचे आक्षेप वाङ्मयीन नव्हते, पण आमच्या प्राध्यापकांच्या आक्षेपांपेक्षा मुद्द्याचे होते. एक म्हणजे, गुप्तहेर जेवत नाही. "आख्खं पुस्तक झालं, मेल्यानं एकदा बी भाकरी मोडली न्हाय. सिग्रेटी वडून मानूस किती दिस जगंल? आन उपाशी मानसाचं डोस्कं चालतंय व्हय?" दुसरं म्हणजे, गालावर व्रण असलेला माणूस दिसला रे दिसला की गुप्तहेर त्याच्या मागं लागायचा. हे वाचून तर ती काठवटीवर हात आपटायची. "गालावर वन आसला की चोर? आमच्या वळसंगात निम्म्या गावाच्या तोंडावर देवीचं वन हाईत. आख्खं गाव जेलात घालतोस का रं बाबा?"

पण तिचा खरा राग शेवटच्या प्रकरणावर होता. गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो, एकेकाच्या तोंडाकडे बघत फेऱ्या मारतो आणि शेवटी बोट रोखून नाव घेतो. आम्हाला पोरांना ते प्रकरण फार आवडायचं. आक्का ते वाचून होताच पुस्तक मिटायची आणि दोन्ही हात धुऊन घ्यायची. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "नाव घेतलं, लई शानपना केला. आता त्या मानसाची आय हाय, बायकू हाय. त्येंनी उद्या पान्याला कुटल्या तोंडानं जायाचं? त्ये कुटल्या बी पुस्तकात लिवलेलं न्हाय की." मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटलं. खुनी माणसाच्या बायकोच्या पाण्याची काळजी गुप्तहेरानं का करावी, असं मी तिला म्हणालोही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ताटात आमटी ओतली.

आमच्या पंगतीत एक वकील होता. म्हणजे अजून व्हायचा होता. कायद्याच्या पहिल्या वर्षात नापास होऊन पुन्हा पहिल्याच वर्षात होता, पण वकील हे नाव त्यानं आधीच लावून घेतलं होतं. मोठ्या घरचा. खाणावळीतली निम्मी पोरं त्याच्याच ओळखीनं आलेली, त्यामुळे पाटावर बसायचा तोही अध्यक्षपदी बसल्यासारखा. आक्कानं अर्धं वाचून ठेवलेलं पुस्तक खुशाल उचलून न्यायचा आणि दोन दिवसांनी आणून द्यायचा तो शेवट सांगूनच. "त्यात काय आहे आक्का, मी तिसऱ्या प्रकरणातच ओळखलं होतं." आक्का म्हणायची, "शिकलाय लई, पन शिकल्यालं पचलं न्हाय."

या वकिलाला त्याच्या मामानं मुंबईहून एक परदेशी घड्याळ आणून दिलं होतं. जेवताना आमटीचे शिंतोडे उडू नयेत म्हणून तो ते काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचा. खरं कारण असं की कोनाडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. एका शनिवारी दुपारी हात धुऊन येतो तर कोनाडा रिकामा.

आम्ही चटया झटकल्या, चुलीमागं पाहिलं, मोरी उपसली. घड्याळ नाही. वकिलाच्या चेहऱ्यावर मला त्या दिवशी दुःख दिसलं नाही. उलट असा आनंद दिसला, जो माणसाला आयुष्यात एखाद्याच वेळी होतो. आजवर वाचलेल्या सगळ्या पुस्तकांचं सार्थक करायची संधी त्याला घरबसल्या मिळाली होती. संध्याकाळभर तो हात मागं बांधून फिरला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाला, "कुणीही उठायचं नाही. मला काही बोलायचं आहे."

त्यानं नाव घेतलं ते नागनाथचं. नागनाथ मंद्रूपचा. शेतकऱ्याचा पोरगा, त्याच्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. बोलायचा कमी, जेवायचा पुष्कळ. लहानपणी बैलानं शिंग मारल्याची खूण गालावर होती. वकिलानं पुरावे मांडले. शनिवारी नागनाथ पंगतीतून सगळ्यांत आधी उठला. रोजच्यापेक्षा एक भाकरी कमी खाल्ली. आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे तो वकिलाला रोज "किती वाजलं?" असं विचारायचा. "याचा अर्थ काय? याचा अर्थ, त्याचा डोळा पहिल्यापासून घड्याळावर होता!" ज्याच्याकडे घड्याळ नाही तो घड्याळवाल्याला वेळ विचारणार नाही तर काय पंचांग विचारणार? पण त्या क्षणी हे आमच्यातल्या एकाच्याही तोंडून निघालं नाही. आम्हीही तीच पुस्तकं वाचली होती.

नागनाथ उभा राहिला. "माजी पिशवी बगा की," एवढंच म्हणाला. वकिलानं पिशवी खरोखर उलटी केली. एक सदरा, दोन वह्या, चटणीची पुरचुंडी. "म्हणजे कुठंतरी लपवलंय," वकील म्हणाला. "उद्या कॉलेज उघडलं की मी प्राचार्यांकडे जाणार. आणि तुझ्या वडलांना कळवणार." नागनाथचा चेहरा उतरला. बाप किती तापट आहे हे तो आम्हाला नेहमी सांगायचा. चोरीचा नुसता वास लागला असता तरी बापानं त्याला कॉलेजातून काढून औताला जुंपलं असतं. तो गुपचूप पिशवी भरायला लागला. संध्याकाळच्या एस. टी. नं गावाला जातो म्हणाला.

आक्का इतका वेळ दारात उभी होती. ती आत आली आणि तिनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. "कुटं निगालास? तू आत्ता गेलास की चोर तूच. बस हितं." मग वकिलाकडे वळून म्हणाली, "तुला घड्याळ पायजे का चोर पायजे?"

वकील म्हणाला, "दोन्ही एकच आहेत, आक्का."

"एक न्हाईत. घड्याळ मी देती. माज्या रीतीनं करू दे."

ती रीत तिच्या माहेरची. गावात कुणाचं काही गेलं की असं करतात, म्हणाली. परसात भांडी घासायला ठेवलेला चुलीतल्या राखेचा ढीग होता. स्वयंपाकघराची खिडकी लावून अंधार करायचा. मधोमध एक घमेलं ठेवायचं. घरातल्या प्रत्येकानं परसातून मूठभर राख घ्यायची, बंद मुठीनं एकट्यानं आत जायचं, मूठ घमेल्यात रिकामी करायची आणि बाहेर यायचं. ज्यानं नेलं असेल त्याच्या मुठीत राखेबरोबर ती वस्तूही असेल. सगळ्यांचं झालं की घमेलं उपडं करायचं. वस्तू मिळते, माणूस कळत नाही. "आन कळू बी नये," आक्का म्हणाली.

वकील मोठ्यानं हसला. असला तपास त्यानं कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता, म्हणून तो त्याच्या लेखी तपासच नव्हता. तरी घड्याळ मिळतंय तर बघू, म्हणून तयार झाला. संध्याकाळी आम्ही ओळीनं राख घेऊन उभे राहिलो. आणि हा शहाणा स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा! प्रत्येकाच्या मुठीकडे टक लावून बघतोय. घमेलं उपडं केलं तेव्हा राखेशिवाय काही निघालं नाही. "बघा," वकील म्हणाला, "अडाणी उपाय." आक्का भडकली. "तू दारात हुबा ऱ्हायलास तर घड्याळ यील का तुजा बाप यील? उद्या सकाळी पुन्यांदा. आन तू बी राख घ्यायचीस."

"मी? माझंच घड्याळ आणि मी राख टाकू?"

"सगळ्यांनी म्हंजी सगळ्यांनी. पयली मी."

त्या रात्री नागनाथ तिथंच, आक्काच्या घरी झोपला. जेवला मात्र नाही. सोमवारी कॉलेजच्या आधी आम्ही सगळे जमलो. या खेपेलाही घड्याळ निघालं नाही तर वकील प्राचार्यांच्या खोलीत जाणार आणि नागनाथचं शिक्षण तिथंच संपणार, हे प्रत्येकाला माहीत होतं. धाब्याला उजेडासाठी एक भोक होतं. त्यावर आक्कानं वर चढून स्वतः मडकं पालथं घातलं. मग राख घेऊन पहिली तीच आत गेली. मग वकील. तो तोंड वाकडं करून बाहेर आला आणि हात धुवायला म्हणून निघून गेला. मग आम्ही, त्यात पहिला मी. आत खरोखर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. मी चाचपडत घमेल्यापर्यंत गेलो, मूठ सोडली आणि आलो. शेवटचा नागनाथ.

आक्कानं घमेलं परसात आणून उपडं केलं. राखेच्या ढिगातून तिनं बोटांनी घड्याळ उचललं, फुंकर मारली, कानाला लावलं. चालू होतं. नागनाथ भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. मला आजवर कुठल्याही शेवटच्या प्रकरणानं इतका आनंद दिलेला नाही.

तेवढ्यात धाब्यावरून आवाज आला, "थांबा! कुणी हलू नका!"

वकील! हात धुवायला गेलेला हा गुप्तहेर शेजारच्या भिंतीवरून धाब्यावर चढला होता आणि मडकं बोटभर सरकवून पालथा पडून आत बघत होता. उतरला तो गुडघे मातीनं माखलेले, पण छाती फुगलेली. "मी पाहिलंय," म्हणाला. "घड्याळ कुणी टाकलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता मी नाव सांगतो."

मी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. माझी नजर माझ्या राखाडलेल्या हाताकडे होती, आणि मला वाटतं सगळ्यांचंच तसं झालं असावं. आमच्यातला कुणीतरी एक त्या क्षणी मरत होता.

आक्का घड्याळ घेऊन वकिलाजवळ गेली. ते त्याच्या मनगटावर तिनं स्वतः बांधलं. "मिळालं न्हवं तुजं? मग आता नाव कशाला पायजे? खायाचंय?"

"पण गुन्हेगाराला—"

"चूक झाली, त्येला ती कळली, त्यानं आनून ठेवलं. झालं. तू काय केलंस? मी झाकल्यालं मडकं उघडलंस." मग ती आत गेली, मांडणीवरचं वकिलाचं ताट आणि वाटी उचलून बाहेर आली आणि दोन्ही उंबऱ्याबाहेर ठेवली. "नाव घ्यायचं आसंल तर भाईर जाऊन घे. माज्या घरात भाकरी खाल्लेल्या मानसाला ह्या घरात कुनी चोर म्हननार न्हाय. आन तुजं जेवान उद्यापास्नं दुसरीकडं."

वकील गेला. आणि अर्थातच त्यानं नाव घेतलं. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्याजवळ उभं राहून, मोठ्यानं, चार माणसं गोळा करून घेतलं. पण झालं असं की आदल्याच दिवशी याच गाड्यापाशी त्यानं नागनाथचं नाव याच आवाजात, इतक्याच खात्रीनं घेतलं होतं. गाडेवाला म्हणाला, "काल त्यो, आज ह्यो. उद्या माजं नाव घ्या, साहेब." लोक हसले. वकिलावर कुणाचाच विश्वास बसला नाही. एवढा तपास करून हाती आलेलं नाव वाया गेलं, याचं मला अजूनही समाधान वाटतं.

आक्काला मात्र हे महागात पडलं. वकिलाबरोबर त्याच्या ओळखीची निम्मी पंगत गेली, आणि जाताना "तिथं चोर पोसतात" अशी कीर्ती पेठभर करून गेली. नवीन पोरं येईनात. काठवट तीच, पण भाकऱ्यांची चवड अर्ध्यावर आली. मी एकदा म्हणालो, वकिलाला चार गोड शब्द बोलून थांबवलं असतं तर? "थांबून त्यानं काय केलं आसतं?" ती म्हणाली. "रोज पंगतीत बसून त्या एकाच्या तोंडाकडं बगत जेवला आसता. त्या पोराच्या नरड्याखाली घास उतरला आसता का?" तो पोरगा कोण, हे तिला ठाऊक होतं का? मी तेही विचारलं. ती म्हणाली, "न्हाय. आन करून बी घ्यायचं न्हाय." आणि नवं खुनाचं पुस्तक उघडलं.

नागनाथ पदवी घेऊन मंद्रूपच्या हायस्कुलात शिक्षक झाला. वकील शेवटी परीक्षा पास झाला आणि खरोखर वकील झाला. त्याची वकिली उत्तम चालते म्हणतात. चालणारच. लोकांची नावं घेण्याला तिथं मान आहे.

मी सोलापुरातच नोकरीला लागलो आणि रविवारी आक्काकडे जाऊ लागलो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे पुस्तकं मी वाचून दाखवायचो. ऑपरेशन करून घे म्हटलं की म्हणायची, "कशाला? त्यो कोटवाला नीट दिसावा म्हनून?" असाच एका रविवारी मी वाचत असताना आमच्या त्या वेळच्या पंगतीतला एक जण आला. संसारी झालेला, कानशिलांवर पांढरे केस. शेतातली तुरीची डाळ घेऊन आला होता. पाया पडला आणि उठेचना. तसाच तिच्या पायांवर हात ठेवून म्हणाला, "आक्का, एक सांगायचं ऱ्हायलंय. त्ये घड्याळ..."

"गप," आक्का म्हणाली.

"न्हाय आक्का, सांगू द्या. इतकी वर्सं झोप न्हाय मला..."

"कुनी इचारलंय तुला? इतक्या वर्सांनी शेवट सांगायला आलाय. त्यो शेवट तवाच झाला. रडू नगंस. डाळ आत ठीव, हात धू. भाकरी टाकती." आणि ती आंधळी बाई भिंत चाचपत चुलीकडे निघाली. मी पुस्तक मिटलं आणि बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिलो. आत पुढं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. जेवायला हाक आली तेव्हा आम्ही तिघं जेवलो. तो माणूस पोटभर जेवला.

पुढच्या उन्हाळ्यात आक्का गेली. तेराव्याचं सगळं नागनाथनं आणि आम्ही जुन्या पोरांनी मिळून केलं. तो माणूसही आला होता, सकाळपासून राबत होता. वकील मोटारीतून आला. फोटोला हार घातला, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "खरं सांगू? त्या दिवशी वरून मला नुसता एक हात दिसला होता. हातावरून मी नाव घेतलं. इतकी वर्षं डोक्यात भुंगा आहे. तू शेवटपर्यंत तिच्याकडे जात होतास, तुला कळलं असेलच. मी घेतलं ते नाव बरोबर होतं का, एवढंच सांग. ते घड्याळ कुणी टाकलं होतं?"

आमच्या समोरूनच तो माणूस पाण्याची कळशी घेऊन पंगतीकडे गेला.

"कसलं घड्याळ?" मी म्हणालो.